मांजर सोडायच्या आधी

(सामुदायिक रेडिओवरून सादर झालेलं भाषण)

आज मला दम्याविषयी बोलायचं आहे, पण सुरुवात एका मांजरापासून करते.

आमचं घर पाटण तालुक्यात. पुढं अंगण, मागं पडवी, पडवीत भाताची कणगी. कणगी आली की उंदीर आले आणि उंदीर आले की मांजर हवंच. चार वर्षांपूर्वी मनी अशीच आमच्याकडं आली. तेव्हा माझी लेक सहा वर्षांची होती. मनी कणगीपाशी कमी आणि लेकीच्या गोधडीत जास्त, असं सगळं चाललेलं. पुढं वर्षभरानं डॉक्टरांनी लेकीला दमा असल्याचं सांगितलं. औषधं सुरू झाली, तिला बरं वाटू लागलं आणि आम्हीही निवांत झालो.

गेल्या पावसाळ्यात मात्र रात्रीचा खोकला परत सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, "मांजराचा केस पोटात गेलाय पोरीच्या. आधी ते मांजर घालवा." गावातल्या डॉक्टरांनीही तपासून सांगितलं, "मांजराची ॲलर्जी असू शकते." डॉक्टर म्हणाले होते "असू शकते". घरात सगळ्यांनी ऐकलं "आहे". माझे दीर तर पोतं घेऊन तयारच होते, की मनीला घालतो आणि नदीपलीकडं सोडून येतो.

आणि मग नवल झालं. दुसऱ्या दिवसापासून लेकीचा खोकला थांबला. आठ दिवस एकदाही नाही. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. नवव्या रात्री दोनच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले, तर लेक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली. तोंडावर उशी दाबलेली. खांदे वरखाली होत होते, गळ्याखालचा खळगा श्वासागणिक आत जात होता. मी विचारलं तर तिला एक वाक्य सलग बोलता येईना. "आई... मनीला... सोडू नको..." एवढंच.

शेजारच्या जीपमधून तिला रात्रीच दवाखान्यात नेलं. वाफेतून औषध दिलं, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही घरी आलो. खोकला थांबलेलाच नव्हता. मांजर जाईल या भीतीनं माझी लेक आठ रात्री उशीत तोंड खुपसून खोकत होती.

मैत्रिणींनो, हे मी का सांगते? घरात आपण "हे तुझ्यामुळं होतंय, ते त्याच्यामुळं होतंय" असा निकाल लावतो, तेव्हा आजारी माणूस आजार लपवायला लागतं. मूल मांजरासाठी लपवतं. लग्नाची मुलगी स्थळ मोडेल म्हणून लपवते. नवी सून पंप कपाटात साड्यांच्या खाली ठेवते. आणि दमा लपवण्यासारखा आजार नाही.

श्वास का अडतो?

आपल्या छातीत श्वासनळीला झाडासारख्या फांद्या असतात. दमा असलेल्या माणसाच्या या नळ्या आतून सुजऱ्या आणि चिडक्या असतात. धूर, धूळ, सर्दी, गार वारा, असं काही चिडवणारं आलं की तीन गोष्टी होतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतली सूज वाढते आणि चिकट कफ साचतो. वाट अरुंद होते आणि हवा शिट्टीसारखा आवाज करत बाहेर पडते. रात्री आणि पहाटे हा त्रास जास्त होतो.

महत्त्वाचं हे, की त्रास नसतो त्या दिवसांतही सूज आत थोडीफार असतेच. खोकला थांबला म्हणजे दमा गेला असं नाही.

२०१९ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात सुमारे ३.४ कोटी लोकांना दमा आहे. म्हणजे जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण आठवा हिस्सा. पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्या देशात होतात. हा आजार ताब्यात ठेवणारी औषधं असताना हे होतं. कारण ती उशिरा सुरू होतात, मधेच सुटतात किंवा घेतलीच जात नाहीत.

मांजराच्या केसाचं खरं काय?

मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. ते तसं खरं नाही, पण अगदी बिनबुडाचंही नाही. जुन्या बायकांनी मांजर आणि धाप यांचा संबंध पाहिला होता, दोष मात्र केसाला दिला.

मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत एक प्रथिन तयार होतं. मांजर दिवसभर अंग चाटतं. लाळ अंगावर वाळते, कातडीचा कोंडा सुटतो आणि त्याचे फार बारीक कण हवेत उडतात. हे कण इतके हलके असतात की तासन्‌तास हवेत तरंगतात. गोधडीला, पडद्याला, भिंतीला, कपड्यांना चिकटतात. मूल ते शाळेच्या गणवेशावर घेऊन जातं, म्हणून मांजर नसलेल्या घरांतही ते सापडतात. ज्यांच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटतं, त्यांना शिंका येतात, डोळे खाजतात, अंगावर पित्त उठतं, आणि दमा असेल तर तो उसळतो. केस आखूड असो वा लांब, हे प्रथिन सगळ्याच मांजरांत असतं. कुत्र्यांतही त्यांच्या प्रकारचं असतं.

इथं दोन फसगती होतात. पहिली म्हणजे मांजर चार दिवस शेजारी ठेवायचं, खोकला तसाच राहिला की म्हणायचं, "मांजराचा दोष नाही." पण मांजर गेलं तरी त्याचे कण घरात महिनोन्‌महिने राहतात. नीट साफसफाई करूनही ते कमी व्हायला चार-सहा महिने लागू शकतात. चार दिवसांत काहीच कळत नाही.

दुसरी फसगत याच्या उलट. पोर दिवाळीत मामाकडं गेली, तिथं बरी राहिली, म्हणजे मांजरच कारण. पण मामाकडं मांजर नाही तशी ओलसर भिंत नाही, डासांची कॉइल नाही, चुलीचा धूरही नाही. बऱ्याच गोष्टी एकदम बदलल्या तर श्रेय कुणाला द्यायचं?

आम्ही वही घातली

कराडच्या छातीच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला सांगितलं, "मांजराचा निर्णय आज घेऊ नका. आधी चार आठवडे वही लिहा." मी शाळेची शंभर पानी वही आणली. रोज चार प्रश्न: दिवसा धाप लागली का? रात्री खोकल्यानं जाग आली का? आरामाचा निळा पंप किती वेळा लागला? शाळा किंवा खेळ चुकला का? आणि शेवटी एक ओळ: आज घरात वेगळं काय होतं? पाऊस, पाहुणे, कॉइल, चूल, उदबत्ती, सर्दी, मनी कुठं झोपली, असं सगळं.

दिवसाचा त्रास किंवा निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा, रात्रीची जाग, खेळणं थांबवावं लागणं, यातलं काहीही होत असेल तर दमा ताब्यात नाही असं समजायचं. ही खूण तुम्हीही लक्षात ठेवा.

बाईंनी एक फुंकायची साधी नळीही दिली, पीक फ्लो मीटर म्हणतात तिला. जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि आकडा दाखवतो. मूल बरं असताना आलेला सगळ्यात मोठा आकडा लिहून ठेवायचा. त्याच्या ८० टक्क्यांखाली आला तर सावध व्हायचं, ५० टक्क्यांखाली आला तर धोका. आमच्यासारख्या घरात तिचा मोठा उपयोग झाला. मूल तोंडानं "बरंय" म्हणतं, पण कमी झालेला श्वास या नळीत लपत नाही.

चार आठवड्यांनी आम्ही वही उघडली. सगळ्यात वाईट रात्री सर्दीच्या होत्या. त्यानंतर कॉइल लावलेल्या. त्यानंतर ट्रंकेतली जुनी गोधडी काढली त्या. आणि मनी अंथरुणात होती त्याही. पण मनी त्या जुन्या गोधडीवरच झोपायची, त्यामुळं ते दोन्ही वेगळं काढता येईना.

आणखी एक गोष्ट बाईंनी वहीशिवायच शोधली. रोजचा पंप हातात घेतला आणि त्यावरचा आकडा पाहिला. किती फवारे उरलेत ते त्यावर दिसतं. त्या म्हणाल्या, "हा तर अक्षय तृतीयेपासून हललेलाच नाही."

तो पंप मी बंद केला होता. उन्हाळ्यात तिला काही त्रास नव्हता, पंपाची सवय लागेल असं चारचौघी म्हणत होत्या, म्हणून. सगळं घर मांजराकडं बोट दाखवत होतं तेव्हा मीही दाखवत होते. हे कबूल करायला मला जड गेलं, पण आज मुद्दाम सांगते. तुमच्यापैकी कितीजणींनी हेच केलं असेल मला माहीत आहे.

तपासणी काय सांगते?

त्रास आटोक्यात आल्यावर त्वचेची तपासणी झाली. हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या गोष्टींच्या अर्काचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून सुईनं अगदी वरवर टोचतात. रक्त येत नाही. १५ ते २० मिनिटांत ज्याची ॲलर्जी आहे तिथं डास चावल्यासारखी गांधी उठते. सर्दी-खाजेच्या गोळ्या चालू असतील तर त्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती दिवस ते डॉक्टर सांगतात. दम्याचा रोजचा पंप मात्र त्यासाठी बंद करायचा नसतो. ही तपासणी रक्तातूनही होते.

लेकीच्या हातावर अंथरुणाच्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांची गांधी मोठी उठली. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, पण गाद्या-गोधड्यांत आणि दमट हवेत चांगले पोसतात. मांजराची गांधी लहान होती. पण होती.

बाईंनी समजावलं, "गांधी उठली म्हणजे शरीर त्या गोष्टीला ओळखतं. त्यानंच दमा उसळतो का, हे तपासणी एकटी सांगत नाही. वही आणि तपासणी शेजारी ठेवून वाचायची."

मग मनीचं काय?

मी सरळच विचारलं. बाईंनीही सरळ सांगितलं. मांजराचे कण कमी करायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे मांजर घरात नसणं. बाकीच्या उपायांनी थोडा फरक पडतो, पूर्ण नाही. मांजराला आंघोळ घातली तरी थोड्याच दिवसांत पहिल्यासारखं होतं. हवा शुद्ध करणारी महागडी यंत्रं एकट्यानं फारसं काही करत नाहीत. औषध नीट घेऊनही दमा ताब्यात येत नसेल आणि मांजराची ॲलर्जी असेल, तर मांजराला दुसरं घर शोधावं लागतं, माया कितीही असो. घरात दमा आहे आणि प्राणी अजून आणलेला नाही, तर आणू नये.

लेक शेजारीच बसलेली होती. तिच्यासमोरच आम्ही ठरवलं. आधी रोजचा पंप तीन महिने न चुकता. मनी राहणार पडवीत, कणगीपाशी, घराच्या आत पाऊल नाही. तीन महिन्यांनी वही उघडायची. तोवर पुन्हा दवाखाना लागला, किंवा दमा ताब्यात नाही असं वहीनं दाखवलं, तर मनी माझ्या भावजयीकडं जाईल. पोत्यात नाही, टोपलीत. ओळखीच्या घरी, जिथं जाऊन तिला बघता येईल. आणि लेकीसाठी एकच गोष्ट: खोकला आला तर सांगायचा. सांगितलं म्हणून कुणी रागावणार नाही.

घरात बदल केले ते असे. जुनी गोधडी काढून टाकली. चादरी, अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवायचे आणि उन्हात कडकडीत वाळवायचे. झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि तेही लेक खोलीत नसताना. कॉइल बंद, मच्छरदाणी सुरू. उदबत्ती अंगणात तुळशीपाशी. पाणी तापवायची चूल अंगणाच्या टोकाला नेली. गळकं कौल बदललं, भिंतीवरची बुरशी पुसून काढली. मनीची जागा मी साफ करते. लेकीनं तिला हात लावला तर लगेच हात धुवायचे, तोंडाला लावायचे नाहीत, आणि झोपायच्या आधी कपडे बदलायचे.

पंपाची भीती

दम्याचे पंप साधारण दोन कामांचे. निळा आरामाचा, तो आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत बरं वाटतं, पण आतली सूज तशीच राहते. दुसरा रोजचा, तो सूज कमी ठेवतो. त्याचा गुण हळूहळू येतो, म्हणून तो बिनकामाचा वाटतो आणि सुटतो. २०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही स्पष्ट सांगितलंय, की नुसत्या निळ्या पंपावर राहणं सुरक्षित नाही. मोठ्या माणसांसाठी आता दोन्ही औषधं एकत्र असलेले पंपही असतात. आपल्याला कुठला, ते डॉक्टर ठरवतील.

त्यात स्टेरॉइड असतं म्हणून आपण घाबरतो. पण पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट नळ्यांवर पडतं. गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात मोजतात, आणि ते सगळ्या अंगभर फिरतं. रोजचा पंप चुकवून वरचेवर दवाखान्यात जाणाऱ्या माणसालाच उलट गोळ्या-इंजेक्शनांतून जास्त स्टेरॉइड मिळतं. पंपाची नशेसारखी सवय लागत नाही. पंपाला स्पेसर, म्हणजे तो प्लास्टिकचा डबा, जोडला की औषध तोंडात न अडकता छातीत जातं. नंतर खळखळून चूळ भरायची म्हणजे तोंड येत नाही. औषध कमी करायचं की थांबवायचं, ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही.

कोजागिरीला सासूबाई म्हणाल्या, पोरीला दम्याच्या औषधाचं दूध प्यायला नेऊ. मी म्हटलं, "आत्याबाई, चांदण्यातलं दूध आपण घरीच पिऊ. पण ज्या पुडीवर काय आहे ते लिहिलेलं नाही, ती नको." त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मग स्वतःच पंपाची आठवण करायला लागल्या.

गरोदर मैत्रिणींना एक सांगते. पोटात बाळ आहे म्हणून पंप स्वतःहून बंद करू नका. आईला श्वास कमी पडला तर बाळालाही ऑक्सिजन कमी पडतो. डॉक्टरांना दमा आहे हे पहिल्याच भेटीत सांगा.

ती रात्र आली तर

माणसाला ताठ बसवा, झोपवू नका. निळा पंप स्पेसरमधून एकदा दाबा आणि चार श्वास घेऊ द्या. असं चार वेळा. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार वेळा. तरीही नाही, तर दवाखाना, आणि वाटेतही पंप देत राहा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, किंवा माणूस गुंगल्यासारखं झालं असेल, तर वाट बघत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवा. तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्यासाठीचं हे सगळं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद भिंतीला लावा.

संक्रांतीला वही उघडली

संक्रांतीला तीन महिने भरले. आम्ही तिळगुळाच्या ताटाशेजारी वही ठेवली. तीन महिन्यांत रात्रीची जाग दोनदा, दोन्ही वेळा सर्दीत. दवाखाना नाही. शाळेच्या स्पर्धेत खो-खो खेळली. मनी पडवीत आहे.

मनी निर्दोष सुटली असं मी म्हणणार नाही. तिची गांधी उठली होती, आणि पुढचा पावसाळा यायचाय. वही चालूच आहे, आणि तिनं वेगळं सांगितलं तर टोपली तयार ठेवायची आहे. लेकीलाही ते माहीत आहे.

पण बदल झाला तो दुसराच. परवा संध्याकाळी मी भाकरी थापत होते. लेक आली आणि म्हणाली, "आई, आज छाती वाजतेय गं. नळी फुंकून बघू का?" मी म्हटलं, "बघ." तिनं फुंकलं, आकडा लिहिला, पंप घेतला, चूळ भरली आणि अभ्यासाला बसली. आजीनं मांजराचं नाव काढलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी उशीत तोंड खुपसून खोकत असेल तर आधी त्याची भीती काढा. मग वही घाला, डॉक्टरांना दाखवा, तपासणी करून घ्या. मांजराचं काय ते त्यानंतर ठरवा.